उशाशी

लिएपायाच्या पोलीस कचेरीत, तळघरात,
जिथे हिवाळ्यात भिंतींना समुद्राचा घाम फुटतो,
मी एका फोनच्या उशाशी बसले आहे.
तिसरी रात्र.

तो बंद पडता कामा नये.
पकडला तेव्हा जागा होता,
म्हणून जागाच आणला, तान्हं मूल आणावं तसा,
धातूच्या जाळीच्या पिशवीत, चार्जरची नळी लावून,
बाहेरच्या कुठल्याही हाकेला त्यानं ओ देऊ नये म्हणून.

साहेब विचारतात, वेल्गा, एवढं काय आहे त्या कुलपात?
कुलूप म्हणू नका, मी म्हणते.
कुलूप फोडलं की आतलं सामान सामानच असतं.
इथे चिप उकरून काढा, सुईच्या टोकावर धरा, वाचा:
राख. बारीक, एकसारखी,
अक्षर कुठलं, चेहरा कुठला, काही कळायचं नाही.
किल्लीचा अर्धा भाग सिलिकॉनच्या पोटात,
जो बनवणाऱ्यालाही ठाऊक नाही.
उरलेला अर्धा ऐवार्सच्या डोक्यात, सहा आकडे,
आणि ऐवार्स तीन दिवस छताकडे बघतोय.

पण एकदा सकाळी ते सहा आकडे त्यानं दाबले
की पुढे किल्ली फोनच्या मुठीत राहते.
पडद्यावर कुलूप दिसतं, मूठ मात्र उबदार.
आमचा सगळा धंदा त्या उबेवर.
रीगाहून यंत्र निघालंय, बर्फात अडकलंय,
ते येईपर्यंत मूठ गार पडू द्यायची नाही.

माझ्या स्वतःच्या फोनचा आकडा
मुलाच्या जन्माची तारीख आहे.
कुणाला सांगू नका.
नवऱ्यानं मी झोपेत असताना माझा अंगठा टेकवून
सगळं वाचलं होतं, सात वर्षांपूर्वी;
तेव्हा कुठल्याही गणिताला तडा गेला नव्हता.

पाच चाळीसला रोज तो वाजतो.
गजर. पडद्यावर एक ओळ:
"बीटेला अर्धी गोळी."
बीटे म्हणजे मधमाशी.
मांजर असेल, कुत्री असेल, आजी असेल,
लाडाची कुणीही असेल.
पहिल्या दिवशी पिशवीच्या खिडकीतून बोट दाबून
मी त्याला गप्प केलं.
दुसऱ्या दिवशी हात जरा थांबला.

आज तीन वाजून बारा मिनिटांनी,
बॅटरी शंभर टक्के, तार शाबूत,
वारा तेवढा बंदरातल्या पत्र्यांशी भांडत होता,
आणि फोन आपणहून थरथरला.
पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह.
तीन दिवस मालकाचा हात लागला नाही
हे त्यानं मोजून ठेवलं होतं.
माझ्यादेखत मूठ झटकली.
किल्ली सांडली नाही कुठे, ती नाहीशीच झाली.

मी धावायला हवं होतं. साहेबांना उठवायला हवं होतं.
मी कॉफी ओतली.
खरं सांगते, आत कुठेतरी बरं वाटलं.
पगार मात्र मी त्याच्या उलट्याचा घेते.

अहवालात लिहिलं: उपकरण पुन्हा सुरू झाले. मजकूर अप्राप्य.
खाली सही.
नावं, पत्ते, बोटींच्या वेळा,
एखादं नको ते छायाचित्र,
आणि असलंच तर त्याचं निरपराधपणही,
सगळी एकाच रंगाची राख.

पाच चाळीस.
गजर वाजला.
भिंती उभ्या, दार चिणलेलं,
आणि आतून तीच ओळ, अर्ध्या गोळीची.

रीगाचं यंत्र आठला पोचेल, आल्या पावली परत जाईल.
मी वर गेले. कोठडीच्या झडपेतून विचारलं,
"बीटे कोण?"
ऐवार्सनं छतावरून नजर काढली.
शेजारणीचा मजला सांगितला,
डबी कुठल्या फळीवर, गोळी लोण्यात कशी लपवायची.
सहा आकडे त्यानं सांगितले नाहीत.
मी विचारलेही नव्हते.